व्यवहार जमला नाही म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या पुनर्बांधणीवरचा लेख वाचला आणि कालपासून डोकं तापलंय म्हणून लिहितोय. लेखकांचा अभ्यास असेल, मान्य, पण "गुलामीतून सुटलेल्यांना व्यवहार जमला नाही" हे वाक्य तुमच्याकडे कुणालाच खटकलं नाही?

या लोकांना जमिनी दिल्या त्या अध्यक्ष जॉन्सननी १८६५ संपायच्या आत जुन्या मळेवाल्यांना परत करायला लावल्या. मग उरली मजुरी आणि सैनिकांचा पगार, त्यातूनही या लोकांनी पैसे साठवले की! ते ज्या बँकेत ठेवले त्या, खास त्यांच्यासाठी काढलेल्या फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेचं नावसुद्धा लेखात नाही. काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची सनद, लिंकनची सही, त्यामुळे लोकांना वाटलं सरकारच पाठीशी आहे, आणि ते नव्हतं. आधी पैसा मुख्यतः सरकारी रोख्यांतच ठेवायचा नियम होता, १८७० ला काँग्रेसनेच तो सैल केला, बँकेच्या वित्त समितीवर हेन्री कुक बसलेला, कर्ज गेलं त्याच्या भावाच्या कंपनीला आणि ओळखीपाळखीच्यांना. १८७३ ला भावाची कंपनी बुडाली, १८७४ ला बँक बंद. ६१ हजारांच्या आसपास खातेदार आणि त्यांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले! शेवटी शेवटी कृष्णवर्णीयांचे नेते फ्रेडरिक डग्लस यांना बँकेचं अध्यक्ष केलं, त्यांनी स्वतःचे १० हजार घातले तरी वाचली नाही. आता सांगा व्यवहार कुणाला जमला नाही?

मला हे इतकं लागायचं कारण म्हणजे माझ्या आईची एफडी आमच्या गावातल्या एका पतसंस्थेत अडकलीय. उद्घाटनाला मंत्री आले होते, फीत कापतानाचा फोटो काउंटरच्या मागेच लावलेला, तो बघून निम्म्या गावाने पैसे ठेवले. आता प्रशासक आहे. आई पासबुक पिशवीत घालून जाते, खिडकीतला माणूस केवायसी परत मागतो, आणि घरी आल्यावर नातेवाईक म्हणतात, "काकू, तुम्हीच नीट बघून ठेवायचे होते." आईचं आणि त्या लोकांचं दुःख एक नाही हे मला कळतं, ते गुलामीतून आले होते आणि वर कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या टोळीची दहशत. पण बुडालेल्यालाच बोल लावायचा हे तेव्हाही होतं आणि तुमच्या लेखातही आहे.

आणखी एक, जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, गुलामी मोडल्याबद्दल. त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी लुइझियानात कोलफॅक्सला कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. मराठी पेपरच्या पानभर लेखात या दोन्ही गोष्टी नाहीत, आणि अर्धं पान मात्र फ्लॅटच्या जाहिरातीला!

ते वाक्य दुरुस्त करून छापा आणि दुसरा भाग काढणार असाल तर बँकेवर लिहून घ्या, एवढी विनंती.

– एक जुना वर्गणीदार, सांगली