दुखणं अंगावर काढू नकोस

चि. रेखास,
अनेक आशीर्वाद.

जत्रेहून मामी आल्या. त्यांच्याकडून कळलं की तापाने फणफणली असतानाही तू रात्री तमाशात वगाला उभी राहिलीस. फोनवर तर चकार शब्द काढला नाहीस! रागवायचं नाही असं ठरवून लिहायला बसलेय. पण दुपारी सलाईन आणि रात्री पायात चाळ, हे काय गं?

तू आपल्या तमाशातल्या थोर विठाबाई नारायणगावकरांचं नाव पुढे करशील, ठाऊक आहे. दिवस भरलेले, बोर्डावर असतानाच कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि परत नाचायला आल्या. पण लोकांना कळल्यावर त्यांनीच हात जोडून खेळ थांबवला, बाई, विश्रांती घ्या म्हणाले. हे पुढचं कुणी सांगत नाही.

राष्ट्रपतींच्या हातून दोनदा सन्मान, 1957 ला आणि 1990 ला. आणि 2002 च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागलं. आता त्यांच्या नावाने सरकार दरवर्षी पुरस्कार देतं. बाईच्या हयातीत चार पैसे गाठीला हवे होते गं. म्हणून म्हणते, खेळाच्या सुपारीतले थोडे पैसे बाजूला टाक, विमा काढ, मॅनेजरला स्पष्ट सांग की आजारी माणसाला सुट्टी हवी. बघ, पुन्हा भाषणच सुरू झालं माझं. राहू दे.

मी परकर-पोलक्यात होते, तेव्हा अण्णांनी मला खांद्यावर घेऊन विठाबाईंची बारी दाखवली होती. ढोलकीवर थाप पडली आणि बाई नुसत्या वळून उभ्या राहिल्या, तर मागची माणसं चपला हातात घेऊन उठली. फड भाऊ-बापूंचा, म्हणजे बाईंच्या वडिलांचा नि चुलत्यांचा, पण पुढे कनातीवर नाव लागलं विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जातीसकट, बापासकट, बाईचं नाव. त्याच वाटेवर तू आहेस, नव्या पोरींना गवळणीची पावलं शिकवतेस असं मामी सांगत होत्या, तेव्हा मी चुलीकडे तोंड करून बसले. तुझ्या बाबांनाही सांगितलंय, पेपर वाचल्यासारखं करून ऐकत होते.

चाळ बांधण्याआधी घोट्याला सुती पट्टी गुंडाळ, कातडी सोलते. पाणी उकळून पी. आणि ताप परत आला तर त्या रात्री उभी राहू नकोस, कितीही मोठी जत्रा असो. रक्त तपासलंस की रिपोर्ट मामीच्या मोबाईलवर पाठव, मी वाचून घेईन.

तुझी,
आई