मधल्या उन्हाळ्यासाठी दोन वर्षे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर सगळे सांगून टाकायचे असे मी ठरवले होते. पण आई, तुला गोळ्यांमुळे झोप येऊ लागली होती आणि बाबा, तुम्ही "एकच वर्ष ना?" असे इतक्या आशेने विचारलेत की माझ्या तोंडून "बघू" एवढेच निघाले. ते "बघू" खरे नव्हते. त्याच्या चार दिवस आधीच मी ब्रिटनमधल्या त्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला नकार कळवला होता आणि न्यूयॉर्कमधल्या दोन वर्षांच्या एमबीएची जागा पैसे भरून पक्की केली होती. तुम्हाला आधी विचारायला हवे होते, हे मला कळते. विचारले असते तर तुम्ही "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला असता आणि रात्रभर जागे राहिला असता. आणि तुम्ही जागे आहात हे कळल्यावर मी मुकाट्याने एक वर्षाचा अभ्यासक्रम घेतला असता. तो घेणे चुकीचे ठरले असते असे मला का वाटते, ते या पत्रात नीट लिहिते आहे. रागवायचे असेल तर पूर्ण वाचून मग रागवा.

तुम्ही दोघे सगळ्यांना अभिमानाने सांगता की आमची मुलगी इन्व्हेस्टमेंट बँकेत आहे. मी ते कधी दुरुस्त केले नाही, आणि त्याची टोचणी मला पाच वर्षे आहे. एका कंपनीने दुसरी कंपनी विकत घ्यावी का, किती किमतीला घ्यावी, त्यासाठी भांडवल शेअर विकून उभारावे की रोखे विकून, हे कंपन्यांना सांगणारी माणसे म्हणजे या धंद्यातले फ्रंट ऑफिस. त्यांच्यासाठी तक्ते आणि पाने तयार करणाऱ्या विभागात मी आहे. गेल्या महिन्यात रात्री दीड वाजता बारा कंपन्यांच्या तुलनेचा एक तक्ता माझ्यासमोर होता. त्यातल्या एका कंपनीचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपत होते आणि बाकी अकरांचे डिसेंबरअखेर. आकडे एकाच कालावधीवर आणल्याशिवाय ती तुलनाच खोटी ठरली असती. मी ते पकडले, सगळे पुन्हा मांडले आणि पहाटे पान पाठवले. ते पान पिचबुकात, म्हणजे ग्राहकाला दाखवायच्या प्रस्तावाच्या पुस्तिकेत, जसेच्या तसे छापले गेले आणि ग्राहकासमोर ठेवले गेले. त्या खोलीत माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असलेला, फ्रंट ऑफिसच्या पहिल्या पायरीवरचा एक अ‍ॅनालिस्ट बसला होता, आणि मार्च-डिसेंबरचा प्रश्न विचारला गेला तेव्हा त्याने उत्तर दिले. मुलगा चांगला आहे. नंतर त्याने मला आभाराचा निरोपही पाठवला. पण तो तिथे आणि मी इथे, यामागे त्याचे विद्यापीठ आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

मी आतून बदली मागून पाहिली, बाहेर अर्ज करून पाहिले. एका बँकेच्या अर्जात विद्यापीठ निवडण्याची यादी होती. ती मी वरून खाली आणि पुन्हा खालून वर वाचली. माझे विद्यापीठ त्यात नव्हते. शेवटी "इतर" यावर बोट ठेवले. नकार दुसऱ्याच दिवशी आला.

या धंद्यात विद्यापीठांचे टार्गेट, सेमी-टार्गेट आणि नॉन-टार्गेट, म्हणजे बँका जिथून हमखास मुले घेतात ती, अधूनमधून घेतात ती आणि सहसा घेत नाहीत ती, असे भाग पाडलेले असतात. अमेरिकेत हार्वर्ड, पेनसिल्व्हेनियाचे व्हॉर्टन किंवा कोलंबिया, ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, अशा ठिकाणी बँकांची माणसे स्वतः येतात, मुलांशी बोलतात आणि नावे टिपून नेतात. येणारे बरेचदा तिथलेच माजी विद्यार्थी असतात, त्यामुळे ही साखळी वर्षानुवर्षे आपली आपण चालत राहते. एवढ्याशा जागांसाठी इतके अर्ज येतात की प्रत्येक अर्ज शांतपणे वाचणे कोणाला शक्य होत नाही, आणि विद्यापीठाचे नाव ही पहिली चाळणी ठरते. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. यात थोडा बदलही झाला आहे: २०१६ साली गोल्डमन सॅक्सने अमेरिकेतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या फेरीच्या मुलाखती कॅम्पसवर घेणे थांबवले आणि त्या रेकॉर्ड केलेल्या चित्रफितींद्वारे घ्यायला सुरुवात केली, म्हणजे यादीबाहेरच्या मुलांनाही दार ठोठावता यावे. तरीही दार ठोठावणे वेगळे आणि आत कोणी आपल्याला ओळखत असणे वेगळे.

बाबा, इथे तुम्ही वाचता वाचता थांबाल आणि चष्मा काढून ठेवाल, हे मला माहीत आहे. म्हणून लगेच लिहिते. अठराव्या वर्षी तुम्ही मला जवळच्या विद्यापीठात घातलेत, तो निर्णय चुकीचा नव्हता. ते वर्ष कसे होते हे आपल्या तिघांना माहीत आहे. दूरच्या विद्यापीठाचे ते प्रवेशपत्र तुम्ही अजून निळ्या फाइलमध्ये जपून ठेवले आहे, हे मी मागच्या खेपेला पाहिले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून काही बोलले नाही. त्या वर्षी मी दूर गेले असते तर आईच्या उशाशी कोण बसले असते? त्याच उशाशी बसून मी पहिल्या सत्राचे गणित सोडवले आहे आणि तेच गणित आज माझ्या कामाला येते. आई, तुला आठवते का, तू डोळे मिटूनच विचारायचीस, "उत्तर जुळले का?" आणि जुळले नसले तरी मी "जुळले" म्हणायचे. माझी पदवी हलकी नाही. बँकांच्या यादीत तिचे नाव नाही, एवढेच. आणि ती यादी पाहून काही तुम्ही निर्णय घेतला नव्हता.

बाबा, तुम्ही पाठवलेले कात्रणही मी वाचले. जेपी मॉर्गन चेसचे प्रमुख जेमी डायमन यांनी पदवीला मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र घेतले होते, मग विषयाने आणि विद्यापीठाने काय फरक पडतो, असे तुम्ही त्याच्या कडेला पेन्सिलीने लिहिले आहे. विषयाबद्दल तुमचे म्हणणे बरोबरच आहे. इतिहास शिकलेली मुलेही या धंद्यात येतात. गोल्डमन सॅक्सचे आधीचे प्रमुख लॉइड ब्लँकफेन यांची पहिली पदवी इतिहासाचीच होती. ताळेबंद वाचणे आणि मूल्यांकनाची गणिते मांडणे बँका पहिल्या काही आठवड्यांच्या प्रशिक्षणात शिकवतात. गणित किंवा भौतिकशास्त्राची पदवी खरोखर मोजली जाते ती ट्रेडिंग आणि क्वांट (गणिती सूत्रांवर काम करणाऱ्या) विभागांत; विलीनीकरणाच्या कामात नेमके लिहिता येणे, बारीक चूक दिसणे आणि थकल्यावरही ती दिसणे, याला जास्त किंमत आहे. पण ब्लँकफेन इतिहास शिकले ते हार्वर्डमध्ये, आणि डायमन यांनी टफ्ट्स विद्यापीठानंतर १९८२ साली हार्वर्डमधून एमबीए केले, ही गोष्ट कात्रणात नव्हती. विषय कोणता हे पुष्कळदा माफ होते, कुठे शिकलात हे सहजासहजी माफ होत नाही. याला अपवाद आहेत. डेव्हिड सॉलोमन हॅमिल्टन नावाच्या छोट्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकले आणि एमबीए न करता पुढे गोल्डमन सॅक्सचे प्रमुख झाले. परंतु १९९९ साली ते तिथे रुजू झाले तोपर्यंत दुसऱ्या बँकांत त्यांची बरीच वर्षे गेली होती. तितका लांबचा वळसा घ्यायला माझ्याकडे आता वेळ नाही.

घरी बसून सीएफए, म्हणजे गुंतवणूक विश्लेषणाची ती व्यावसायिक परीक्षा, कर, असे दादा म्हणतो. त्याचे तीनही टप्पे कठीण आहेत आणि ज्ञान खरे आहे. शेअर संशोधनात किंवा गुंतवणूक व्यवस्थापनात जायचे असते तर मी तेच केले असते. पण कॅम्पसवर येणाऱ्या बँकरशी त्याने गाठ पडत नाही आणि उन्हाळ्यातली इंटर्नशिपही मिळत नाही. दादाला हे समजावून सांगा, पण माझ्या वतीने भांडू नका.

आता एक वर्ष की दोन, हा प्रश्न. आई, ब्रिटनमधल्या त्या विद्यापीठाचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, ते सांगताना तुझा आवाज कसा उजळला होता ते मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच नकाराचे पत्र लिहिताना माझा हात अडखळला. पण तो एक वर्षाचा अभ्यासक्रम सप्टेंबरात सुरू होतो आणि लगेचच बँकांचे अर्ज भरायचे असतात. वर्गात धड ओळखीही झालेल्या नसतात. शिवाय तिथे माझी स्पर्धा बाविशीच्या मुलांशी, त्याच अ‍ॅनालिस्टच्या पायरीसाठी असती. दोन वर्षांच्या एमबीएमध्ये पहिल्या शरद ऋतूत बँका कॅम्पसवर येतात, साधारण जानेवारीत मुलाखती होतात आणि दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यात सुमारे दहा आठवडे प्रत्यक्ष बँकेत काम करता येते. ते काम पसंत पडले तर उन्हाळा संपता संपता कायमच्या नोकरीचा प्रस्ताव मिळतो, आणि तोही अ‍ॅनालिस्टच्या वरच्या, असोसिएटच्या जागेसाठी. या धंद्यातली बहुतेक भरती त्या उन्हाळ्यातून होते. मी दुसरे वर्ष घेतले ते खरे म्हणजे त्या दहा आठवड्यांसाठी. काही एक वर्षाच्या एमबीएंमध्ये जानेवारीत सुरू होणाऱ्या तुकडीला असा काळ मिळतो. तशा एका ठिकाणीही मी अर्ज केला होता, तिथे प्रवेश मिळाला नाही. हेही तुम्हाला सांगितले नव्हते, ते आज सांगते.

आणखी एक कारण कोरडे आहे, पण महत्त्वाचे आहे. परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेत शिक्षणानंतर बारा महिने काम करण्याची मुभा असते. पदवी तिथल्या सरकारच्या व्याख्येनुसार स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित या गटात मोडत असेल, तर आणखी चोवीस महिने मागता येतात. त्यापुढचा नोकरीचा व्हिसा सोडतीवर अवलंबून असल्यामुळे ही तीन वर्षे हाताशी असणे बँकेलाही आणि मलाही आवश्यक वाटते. मी निवडलेला अभ्यासक्रम त्या गटात बसतो, याची लेखी खात्री मी करून घेतली आहे.

आई, तुझी काळजी तासांची आहे. तुला खोटे सांगणार नाही. पुढे काम फार असेल. २०२१ साली गोल्डमन सॅक्समधल्या पहिल्या वर्षाच्या काही अ‍ॅनालिस्टांनी आपण आठवड्याला सरासरी ९५ तास काम करतो असे सांगितले होते आणि त्याची जगभर चर्चा झाली. २०२४ साली जेपी मॉर्गनने कनिष्ठांच्या कामाला बहुतेक वेळा आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. ८० हाही लहान आकडा नाही. पण मी गेली पाच वर्षे रात्रीचीच जागते आहे. आता निदान वर्गाची दोन वर्षे दिवसाची असतील. राहण्याची खोली विद्यापीठाचीच आहे, तिला मोठी खिडकी आहे, खोलीत हीटर आहे आणि ग्रंथालय चालत दहा मिनिटांवर आहे. जेवण वेळेवर घेईन. तू विणलेला तो राखाडी स्वेटर पहिल्यांदा बॅगेत गेला आहे. त्याची बाही थोडी उसवली आहे, पण ती मी येण्याआधी शिवायला बसू नकोस, डोळ्याचे औषध अजून सुरू आहे.

आता माझे ऐका. कर्ज माझ्या एकटीच्या नावावर आहे, त्याला घर तारण नाही. बाबा, तुम्ही मुदत ठेव मोडायची नाही; मोडली असे कळले तर मी दुसऱ्या वर्षाची फी त्यातून भरणार नाही, हे लिहून देते. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा सोमवार ते रविवार असा भरून ठेवायचा आणि रविवारी रिकामा डबा मला फोनवर दाखवायचा. आईची तपासणी माझ्या जाण्याच्या आधीच्या आठवड्यात आहे, तिला मी स्वतः घेऊन जाणार आहे. माझे फोन तिथली सकाळ आणि तुमची संध्याकाळ अशा वेळी येतील. त्यासाठी जागत बसू नका. जानेवारीत मुलाखतींच्या दिवसांत दोन-तीन दिवस फोन आला नाही तर काही बिघडले असे समजू नका. आणि त्या उन्हाळ्यानंतर बँकेने प्रस्ताव दिला नाही, तर मोठ्या कंपन्यांच्या वित्त विभागांत त्याच पदवीवर काम मिळते. मी त्याचीही चौकशी करून ठेवली आहे.

बाबा, एक काम मात्र तुमच्याकडेच आहे. न्यूयॉर्कच्या विद्यापीठाला माझ्या पहिल्या पदवीची अधिकृत गुणपत्रके मोहोरबंद पाकिटात हवी आहेत. अर्ज मी भरला आहे, पावती निळ्या फाइलमध्ये, त्या जुन्या प्रवेशपत्राच्या मागे ठेवली आहे. दादाला घेऊन सकाळी लवकर जा, रांगेत उभे राहू नका, त्याला उभे करा आणि तुम्ही बाकावर बसा. पाकिटे तीन मिळतील. प्रत्येकाच्या तोंडावर शिक्का आणि सही आहे ना ते तिथेच पाहून घ्या, आणि उत्सुकता वाटली तरी ती उघडू नका. पहिल्या सत्रात गणितात मला किती गुण होते ते तुम्हाला पाठच आहे.

तुमची,
ताई