भरतीच्या पोरांचे मन तिसऱ्या राउंडला का खचते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'मन घट्ट कर' हा सल्ला पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना घरातून, अकॅडमीतून आणि मोबाइलवरून रोज मिळतो. मन घट्ट करायचे म्हणजे पहाटे साडेपाचला मैदानावर नेमके काय करायचे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. ते गोळाफेकीइतक्याच पद्धतशीरपणे शिकवता येते, म्हणून हे पत्र.

१६०० मीटरचेच घ्या. मुलांना २० पैकी २० गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांत धाव संपवावी लागते. ४०० मीटरच्या ट्रॅकवर हे चार राउंड होतात, प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंदांचे. पण शिट्टी वाजली की पोरे घोळक्याच्या नादाने सुटतात आणि पहिला राउंड ६५-६८ सेकंदांत काढतात. तिसऱ्या राउंडला पाय दगडासारखे होतात, श्वास तुटतो आणि 'आपल्याच्याने होत नाही' हा विचार डोक्यात शिरतो. मुलगा समजतो, आपण मनाने कच्चे आहोत. मुळात चुकलेला असतो तो पहिल्या राउंडचा वेग. कडेला उभे राहून 'पळ, मर्दासारखा पळ' असे ओरडल्याने तो दुरुस्त होत नाही.

त्यावर सराव असा. आठवड्यातून एकदा ४०० मीटरचे पाच तुकडे, प्रत्येक ७७-७८ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटे चालत विश्रांती. नवख्याने ८५ सेकंदांपासून सुरुवात करावी. पहिला तुकडा ठरलेल्या वेळेपेक्षा तीन सेकंद आधी आला तर तो बाद धरावा. मोह आवरणे हाच इथला धडा आहे. प्रत्येक तुकड्यानंतर घड्याळ पाहण्याआधी मुलाने आपली वेळ अंदाजाने सांगावी. तीन दिवसांनी १२०० मीटर: पहिले दोन राउंड सावकाश ८५ सेकंदांनी, तिसरा ७७ ने. दमलेल्या पायांनी वेग वाढवण्याची सवय झाली की तिसऱ्या राउंडची धास्ती निम्मी होते.

त्या राउंडला स्वतःशी काय बोलायचे तेही आधीच ठरवून ठेवावे. लांबलचक वाक्ये दमात आठवत नाहीत. 'खांदे सैल', 'हात मागे', 'पुढचा खांब' असे दोन-दोन शब्द पुरतात, कारण ते लक्ष दुखण्यावरून कृतीवर नेतात. याच जातीचा दुसरा उपाय म्हणजे जर-तरचा ठराव. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरेच काम केले आहे. 'मी रोज अभ्यास करीन' हा संकल्प आठवडाभरात विरतो. 'रात्रीचे जेवण झाले की मोबाइल आईकडे देऊन गणिताची वीस उदाहरणे सोडवीन' हा टिकतो, कारण ऐन वेळी निर्णय घ्यायचा उरत नाही. असे दोन-तीनच ठराव करावेत. दहा केले की एकही पाळला जात नाही.

खोलीच्या भिंतीवर वर्दीचा फोटो लावून डोळे मिटून यश पाहत बसण्याची टूम सध्या जोरात आहे. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन यांच्या संशोधनात दिसले ते उलटेच: नुसत्या गोड कल्पनेत रमणाऱ्यांचे प्रयत्न कमी पडतात. फोटो खुशाल लावा, पण त्याखाली आपल्या वाटेतला अडथळा लिहा. रात्री एकपर्यंत रील पाहून पाचला उठणारे शरीर वेगही धरत नाही आणि पाठांतरही. सात तासांची झोप हा तयारीचाच भाग आहे.

मैदानी चाचणीच्या दिवशी बराच वेळ नुसते रांगेत बसावे लागते. तेव्हा चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, असे तीन मिनिटे करावे. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके उतरतात. हे त्याच दिवशी पहिल्यांदा करून चालत नाही, तीन आठवडे आधीपासून रोज करावे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. दम लागणे, मांड्या भरून येणे सोसायचे असते. छातीत कळ, डोळ्यांपुढे अंधारी, उन्हात बरळल्यासारखे बोलणे ही थांबण्याची खूण आहे. तेव्हा 'मर्द थांबत नाही' म्हणणारा प्रशिक्षक मुलाच्या जिवाशी खेळतो. ताकदीची म्हणून इंजेक्शने देणाऱ्यांबद्दल तर वेगळे बोलायलाच नको.

आता यशाचे. २०२४च्या भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे जीव तोडून तयारी केलेली मुलेही मोठ्या संख्येने बाहेर राहणारच. म्हणून मेरिट लागण्यापेक्षा आपल्या हातातले लक्ष्य धरावे: १६०० ची वेळ महिन्याभरात दहा सेकंदांनी कमी करणे, लेखीच्या सराव पेपरात नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न संपवणे. निकाल गेला तर दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. मग वहीत गुण मांडून पाहावे, कुठले तीन-चार गुण सरावाने वाढले असते आणि कुठले नशिबाचे होते. किती भरत्या द्यायच्या आणि कोणत्या वयापर्यंत, हे घरच्यांशी तयारीच्या सुरुवातीलाच बोलून ठरवावे. आयटीआय, पदवी, अवजड वाहनाचा परवाना यांपैकी काहीतरी सोबत चालू ठेवणाऱ्याचे लक्ष उडाल्याची शंका अनेकांना येते. आमचे मत उलट आहे: मागे आधार असलेला मुलगा मैदानात मोकळेपणाने पळतो.

आणि मुले बोलत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२च्या आकडेवारीत देशातील आत्महत्यांमध्ये पुरुष सुमारे ७२ टक्के होते. झोप उडाली, जेवण सुटले, मित्रांना टाळणे दोन आठवडे चालले, तर ते आळस म्हणून सोडून देऊ नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. प्रत्येक अकॅडमीने तो १६०० मीटरच्या गुणतक्त्याशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा.

– भरतीपूर्व प्रशिक्षण देणारे मैदानी प्रशिक्षक व समुपदेशक