तीन लाल रकाने

झेरॉक्सच्या दुकानातल्या चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं नाव लिहीत नाही, तुला ते आवडायचं नाही. पण तू काय केलंस ते सोलापुरात चार जणांना कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मार्चअखेर होती. पूर्व भागातल्या आमच्या सहा बचत गटांची वर्गणी, कर्जं, हप्ते, सगळं एका एक्सेल फाइलमध्ये, आणि ती फाइल फक्त पेन ड्राइव्हवर. सेव्ह होत असतानाच लाइट गेली. नंतर फाइल उघडेना. फॉरमॅट किंवा एक्स्टेंशन बरोबर नाही, एवढंच येई. कुणीतरी सांगितलं म्हणून फाइलच्या नावाच्या शेवटचं एक्सएलएसएक्स बदलून एक्सएलएस करून पाहिलं, पण नाव बदलून आतलं थोडंच बदलतं! हजार विड्या वळल्यावर जी मजुरी मिळते, तिच्यातून बायका आठवड्याला ५०-१०० रुपये बाजूला काढतात. तो हिशेब माझ्या हातून गेला, या विचाराने दोन रात्री डोळा लागला नाही.

तू आधी फाइलची कॉपी काढलीस आणि पेन ड्राइव्ह मला परत दिलास. "काकू, हा आता कशालाही लावू नका." मग साइज बघितलीस. शून्य नाही, म्हणजे आत काहीतरी आहे, असं म्हणालास तेव्हा कुठे मी खुर्चीवर बसले. एक्सेलच्याच 'ओपन अँड रिपेअर'ने काही झालं नाही. तेव्हा तू समजावलंस, की एक्सएलएसएक्स म्हणजे मुळात झिप फाइल, अनेक फाइली एकत्र बांधलेलं गाठोडंच. आत प्रत्येक शीट वेगळी असते आणि कुठे काय आहे याची यादी अगदी शेवटी. आपल्या फाइलचा तो शेवटच लिहायचा राहिला होता. कॉपीला झिप नाव देऊन, अशी गाठोडी उघडणाऱ्या विनरार नावाच्या प्रोग्रामच्या रिपेअरमधून काढलीस आणि शीट बाहेर आल्या. आकडे सगळे होते. नावं नव्हती.

एक्सेल नावं रकान्यात ठेवत नाही, हे मला तेव्हा कळलं. सगळा मजकूर एका वेगळ्या यादीत असतो आणि रकान्यात फक्त त्या यादीतला क्रमांक. ती यादी गेलेल्या तुकड्यात होती. म्हणून बाईच्या नावाच्या जागी नुसते १७, २३, ४१.

"पासबुकं आणा," तू म्हणालास. दुकानाचं शटर अर्धं ओढून आपण दोघं बसलो. मी पासबुकातले हप्ते वाचायचे, तू तसेच हप्ते असलेला क्रमांक शोधायचास. एकदा १७ कोण ते ठरलं, की जिथे जिथे १७ तिथे तिथे तीच. रात्री साडेदहापर्यंत तिघी सोडून सगळ्या सापडल्या.

त्या तिघींनी एकाच दिवशी ५,००० रुपये घेतलेले, हप्ते सारखे, आणि पासबुकं जानेवारीनंतर भरलेलीच नव्हती. फाइलमध्ये मात्र त्यांतल्या एका क्रमांकाचे फेब्रुवारीतले दोन हप्ते थकलेले. मी दमले होते. म्हटलं, घाल कुणाचंही, बेरीज तर तीच येते. तू कीबोर्डवरचे हात काढलेस. "काकू, थकबाकी भलत्याच बाईच्या नावावर बसेल." आणि ते तीन रकाने लाल करून ठेवलेस.

बाळा, आभार मानायचे आहेत ते त्या लाल रंगाचे. फाइल उघडून देणारा दुसरा कुणी मिळालाही असता. पण ज्या बायांना तू कधी पाहिलंही नव्हतंस, त्यांच्या नावाशी अंदाजाने खेळायला तू नाही म्हणालास.

गुरुवारच्या बैठकीत मी ती शीट वाचली. दोन थकलेल्या हप्त्यांपाशी थांबले, तर मागून एक जण आपणहून उठली. "ते माझे. नातू दवाखान्यात होता तेव्हाचे." आणि तिने पदराच्या गाठीतून एका हप्त्याचे पैसे काढून समोर ठेवले.

तो रकाना मी तिच्यासमोरच पांढरा केला. आता फाइल आधी कॉम्प्युटरवर सेव्ह होते, मग पेन ड्राइव्हवर, आणि दर महिन्याला तुझ्याकडे प्रिंट काढायला मी येतेच.

तुझी,
काकू