‘किमान बळा’चा हिशेब द्या

महोदय,

विरोधकांची आंदोलने मोडून काढल्यावर सरकारे जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेपुढे, बहुतेकदा दोन मुद्दे मांडतात: मोर्चाला परवानगी नव्हती आणि बळ किमान वापरले. पहिला मुद्दा टिकत नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या कराराचे कलम २१ शांततापूर्ण सभेचा हक्क देते. केवळ पूर्वसूचना दिली नाही म्हणून जमाव पांगवता येत नाही, हे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०२० मध्येच स्पष्ट केले आहे. चार जणांनी दगड मारले म्हणून सारा मोर्चा हिंसक ठरत नाही, हेही.

खरी कसोटी दुसऱ्या मुद्द्याची आहे, कारण तिथे कागद लागतात. पांगण्याचा इशारा किती वाजता दिला? बाहेर पडायला वाट मोकळी होती का? आदेश कोणाचा? अश्रुधुराची नळकांडी किती फोडली, जखमींना उपचार कधी मिळाले? गल्लीची दोन्ही तोंडे अडवून धूर सोडला तर चेंगराचेंगरी होते, रबरी गोळी चेहऱ्यावर बसली तर डोळा जातो. त्यामुळे ‘प्राणघातक शस्त्र वापरले नाही’ एवढे सांगून भागत नाही. या नोंदी त्याच दिवशी झाल्या नाहीत, तर नंतरची चौकशी पोलिसांच्या शब्दावरच चालते.

सार्वत्रिक आवर्ती आढाव्यात, म्हणजे या परिषदेत ठरावीक काळाने होणाऱ्या प्रत्येक देशाच्या मानवाधिकार स्थितीच्या तपासणीत, इतर देश शिफारशी करतात; तिथे एका देशासाठी जेमतेम साडेतीन तास असतात. त्यानंतर सरकार ज्या शिफारशींची फक्त ‘नोंद घेते’, त्या स्वीकारलेल्या नसतात. बातम्यांत हा फरक कृपया ठळकपणे यावा.

— एक वाचक