लिंगभाव आणि संशोधन पद्धती : आईच्या पेपरासाठी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, लिंगभावाचं प्रकरण समजतंय पण संशोधन पद्धती डोक्यावरून जातेय, तर आधी एक पक्कं करून मग दुसरं घेऊ का, असं तू विचारलंस. तसं करू नकोस. दोन्ही एकत्र वाच. लिंगभाव ओळखीबद्दल पुस्तकात जे जे विधान येईल, त्याच्या समासात पेन्सिलीने लिही : हे कळलं कसं? विचारलं कुणाला, उत्तर दिलं कुणी, आणि सुटलं कोण? एवढं केलंस तर पद्धतीचं प्रकरण निम्मं तिथेच होईल. परीक्षकालाही नेमकं हेच हवं असतं. विचारवंतांची नावं सगळेच लिहितात. त्यांनी ते कशाच्या आधारावर म्हटलं, हे फार थोडे लिहितात.

सुरुवातीच्या व्याख्या चार ओळींत आटप. लिंग म्हणजे शरीराची जैविक वैशिष्ट्यं. लिंगभाव म्हणजे समाजाने त्यावर चढवलेल्या अपेक्षा, भूमिका आणि सत्तेची वाटणी. लिंगभाव ओळख म्हणजे माणूस स्वतःला काय मानतो. लैंगिक कल म्हणजे ओढ कुणाकडे वाटते. चौथी गोष्ट तिसरीत मिसळलीस की गुण गेलेच, आणि सगळ्यात जास्त उत्तरं इथेच घसरतात. तृतीयपंथी व्यक्तीबद्दल लिहिताना समलैंगिकतेचा कायदा मध्ये आणू नकोस. सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल, म्हणजे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा, १५ एप्रिल २०१४चा. स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा हक्क त्यात मान्य झाला, शस्त्रक्रियेची अट न घालता. कलम ३७७चा निकाल, म्हणजे प्रौढांचे संमतीने असलेले समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा, ६ सप्टेंबर २०१८चा, तो लैंगिक कलाशी जोडलेला. तारखा वेगळ्या आणि मुद्देही वेगळे.

आता पहिलं उदाहरण, आणि हे नीट तयार कर. २०११च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात पुरुष आणि स्त्री यांच्यासोबत ‘इतर’ हा तिसरा पर्याय आला. देशात ४,८७,८०३ जणांची नोंद त्यात झाली. बहुतेक मुलं हा आकडा ‘भारतातील तृतीयपंथीयांची संख्या’ म्हणून लिहून मोकळी होतात. तू तसं लिहू नकोस. प्रगणक दारात येतो तेव्हा घरातलं एक माणूस सगळ्यांची माहिती देतं. म्हणजे नोंदलं गेलं ते घरातल्या कुणीतरी दुसऱ्याबद्दल सांगितलेलं. जो मुलगा घरात काही बोललेलाच नाही, तो ‘पुरुष’ म्हणूनच मोजला गेला. जी व्यक्ती घर सोडून गेलीय, तिचं नाव त्या घराच्या यादीत येणारच नाही. आणि याच ४,८७,८०३ मध्ये शून्य ते सहा वयाची ५४,८५४ मुलं आहेत. सहा वर्षांच्या आतल्या मुलाने स्वतःची ओळख प्रगणकाला सांगितली असं कोण म्हणेल? ती मोठ्यांनी लिहवून घेतली.

इथे दोन शब्द वापरायचे. विश्वसनीयता म्हणजे तेच माप पुन्हा घेतलं तर तोच निकाल येतो का. वैधता म्हणजे जे मोजायचं म्हणतोय तेच मोजलं जातंय का. जनगणनेचा प्रश्न दहा वेळा विचारला तरी घरचं माणूस तेच उत्तर देईल, म्हणून विश्वसनीयता बरी. पण मोजली जाते ती घराने मान्य केलेली ओळख, व्यक्तीने मानलेली नव्हे. म्हणून वैधता कच्ची. या दोन वाक्यांत उत्तराचा कणा आहे. उपायही लिही : प्रश्न व्यक्तीला एकटीला विचारायचा, आणि तो दोन पायऱ्यांत. आधी जन्माच्या वेळी नोंदवलेलं लिंग, मग आज स्वतःला काय मानता ते. दुसऱ्या प्रश्नाला ‘सांगायचं नाही’ हा पर्याय हवाच.

दुसरं उदाहरण घरकामाचं. बाबा, यात तुमचं गणित लागेल, आईबरोबर बसा. भारताचं पहिलं देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण जानेवारी ते डिसेंबर २०१९मध्ये झालं. सहा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, आदल्या दिवशी पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत काय काय केलं, हे अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. घरकामाला दिलेला वेळ : स्त्रिया २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. उत्तरपत्रिकेत ‘स्त्रिया तिप्पट काम करतात’ असं सर्रास लिहिलेलं दिसतं. पण २९९ आणि ९७ ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. ज्या पुरुषांनी काडीही हलवली नाही ते त्यात धरलेलेच नाहीत. सगळ्यांवर सरासरी काढा : २९९ गुणिले ०.८१२ म्हणजे साधारण २४३ मिनिटं, आणि ९७ गुणिले ०.२६१ म्हणजे साधारण २५. आता अंतर तिप्पट राहत नाही, जवळजवळ दहापट होतं. माहिती तीच, फक्त भागाकाराखालची संख्या बदलली. आई, हा हिशोब उत्तरपत्रिकेत करून दाखव. दोन मिनिटं लागतात, आणि ज्याने आकडे पाठ केलेत आणि ज्याला आकडे कळलेत त्यांच्यातला फरक परीक्षकाला लगेच दिसतो.

मर्यादाही लिही. भाजी फोडणीला टाकून मुलाचा अभ्यास घेणारी बाई त्या अर्ध्या तासात दोन कामं करत असते. आणि उद्या डब्याला काय, गॅस कधी संपेल, सासऱ्यांची गोळी दिली का, हा दिवसभर डोक्यात चालणारा विचार कोणत्याही रकान्यात बसत नाही. तो पकडायला सखोल मुलाखतच लागते. संख्यात्मक आणि गुणात्मक पद्धती एकत्र का वापरायच्या, हे यापेक्षा चांगलं कुठल्या उदाहरणाने सांगता येईल असं मला वाटत नाही.

मोजपट्टीबद्दल प्रश्न आला तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम यांची १९७४ची सूची घे. त्यात ६० विशेषणं आहेत : २० पुरुषी मानलेली, २० स्त्रैण मानलेली, २० तटस्थ. प्रत्येक गुण स्वतःला किती लागू पडतो याला १ ते ७ आकडा द्यायचा. दोन्हींत वरचा गुणांक आला तर तो माणूस उभयगुणी. कार्यात्मक व्याख्या, म्हणजे एखादी कल्पना नेमकी कशी मोजायची हे ठरवणारी व्याख्या, दाखवायला ही सूची उत्तम. तिचा दोषही सोपा आहे : कोणता गुण पुरुषी आणि कोणता स्त्रैण, हे सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या मतावरून ठरलं. ती मोजपट्टी जशीच्या तशी सांगलीत किंवा गडचिरोलीत वापरली, तर तिथल्या माणसांची ओळख मोजली जाणार नाही. ती माणसं त्या विद्यार्थ्यांच्या कल्पनेला किती जुळतात एवढंच कळेल.

विचारवंतांमध्ये फार पसरू नकोस. ॲन ओकली (१९७२) यांनी लिंग आणि लिंगभाव वेगळे मांडले. वेस्ट आणि झिमरमन (१९८७) यांच्या मते लिंगभाव रोजच्या वागण्यातून घडवला जातो. ज्युडिथ बटलर (१९९०) म्हणतात की पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींतूनच ओळख उभी राहते. रेविन कॉनेल (१९९५) यांचा वर्चस्ववादी पुरुषत्वाचा मुद्दा : पुरुषत्वाचा एक नमुना स्त्रियांवर आणि इतर पुरुषांवरही वरचढ ठरतो. प्रत्येकी दोन ओळी पुरे.

समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गारफिंकेल यांनी अभ्यासलेल्या ॲग्नेसवर मात्र थांब. १९५८मध्ये एकोणीस वर्षांची ॲग्नेस लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या डॉक्टरांकडे आली. मुलगा म्हणून वाढवलेली, पण शरीर वयात येताना आपोआप स्त्रीचं झालं असं तिचं सांगणं. तिच्याशी झालेल्या लांबलचक संभाषणांवरून गारफिंकेल यांनी दाखवलं की स्त्री म्हणून ओळखलं जाणं हे क्षणोक्षणी सांभाळावं लागणारं काम आहे. पुढे तिने सांगितलं की बाराव्या वर्षापासून ती आईच्या संप्रेरकाच्या गोळ्या घेत होती. गारफिंकेल यांनी ते १९६७च्या पुस्तकात परिशिष्ट म्हणून जोडलं. पद्धतीच्या प्रश्नात हे सोन्यासारखं आहे. मुलाखत देणारा माणूस मुलाखतीतही आपली ओळख सांभाळतच असतो. तिने गोळ्या लपवल्या याला ‘खोटं बोलली’ म्हणून सोडून देऊ नकोस. खरं सांगितलं असतं तर हवे ते उपचार मिळाले नसते, अशी तिची अवस्था होती. सत्ता मुलाखत घेणाऱ्याच्या हातात असली की उत्तर त्या सत्तेकडे बघून दिलं जातं.

भारतीय उदाहरणांत मानवशास्त्रज्ञ लीला दुबे हव्यातच. बीज पुरुषाचं, क्षेत्र स्त्रीचं, ही कल्पना मुलींच्या मनात लहानपणापासून कशी रुजते, हे त्यांनी विधी, म्हणी आणि रोजच्या बोलण्यातून उलगडलं. ‘मुलगी म्हणजे परक्याचं धन’ ही म्हण तू लहानपणापासून ऐकत आलीस. ती आता पुरावा म्हणून लिही. दुसऱ्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे. दलित स्त्रियांच्या मराठी आत्मकथनांना त्यांनी अभ्यासाचा आधार मानलं. ‘स्त्री’ असा एकच गट धरला की जात अदृश्य होते, हा त्यांचा मुद्दा. नुसता पाश्चात्त्य सिद्धांत लिहून थांबलेलं उत्तर मला अपुरं वाटतं. आपल्याकडे जात सोडून लिंगभाव समजत नाही.

नमुना निवडीत एक सापळा आहे. ९५ टक्के विश्वासपातळी आणि चूक होण्याची पाच टक्के मर्यादा धरली तर नमुन्यात लागणारी माणसं १.९६ वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ वर्ग, म्हणजे ३८४.१६, म्हणून ३८५. पण हे सूत्र यादृच्छिक, म्हणजे पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या, नमुन्याचं. तृतीयपंथी समाजाची संपूर्ण यादीच उपलब्ध नसते, तेव्हा स्नोबॉल पद्धत घ्यावी लागते : एकीने दुसरीची ओळख करून द्यायची. तिथे ३८५ लिहिलंस तर चूक. एका गुरूच्या घरापासून सुरुवात केली की त्याच घराण्याच्या चेल्या भेटत जातात. नोकरी करणारी, एकटी राहणारी, कुठल्याच घराण्यात नसलेली व्यक्ती सुटते. म्हणून सुरुवात तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणांहून करायची आणि निष्कर्ष सगळ्या समाजाला लावायचा नाही.

काय-वर्ग चाचणीला, म्हणजे दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का हे तपासणाऱ्या हिशोबाला, घाबरू नकोस. सरावासाठी मनाने घेतलेले आकडे : १०० स्त्रिया आणि १०० पुरुषांना विचारलं, ‘मोठ्या खर्चात तुमचं मत घेतात का?’ ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रिया ४०, पुरुष ६०. शून्य गृहीतक असं की फरक नाही. मग कोष्टकाच्या चारही घरांत अपेक्षित संख्या ५०. प्रत्येक घरात फरक १०, त्याचा वर्ग १००, भागिले ५० म्हणजे २. चार घरांची बेरीज ८. डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या घरांची संख्या, १; तिच्यासाठी तक्त्यातली ०.०५ पातळीवरची किंमत ३.८४. आठ मोठे, म्हणून शून्य गृहीतक फेटाळायचं.

आता बाबा, हेच २० स्त्रिया आणि २० पुरुषांवर करा. ‘हो’ ८ आणि १२, म्हणजे टक्केवारी तीच ४० आणि ६०. अपेक्षित १०, फरक २, वर्ग ४, भागिले १० म्हणजे ०.४, चारांची बेरीज १.६. फेटाळता येत नाही. म्हणूनच कोष्टकात टक्केवारी भरायची नाही, माणसं भरायची. आणि शेवटी ‘लिंगभावामुळे’ असं न लिहिता ‘लिंगभावाशी संबंध दिसतो’ असं लिहायचं. कारण सिद्ध करायला ही चाचणी पुरत नाही.

नीतीचा प्रश्न बहुधा टिपेत येतो. सूचित संमती, नाव गुप्त ठेवणं, ओळख उघडी पडली तर होणारी इजा, हे तीन मुद्दे. उदाहरण अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लॉड हम्फ्रीज (१९७०) : दुसऱ्या पुरुषांशी लैंगिक संबंधासाठी सार्वजनिक स्वच्छतागृहात येणाऱ्या पुरुषांच्या गाड्यांचे क्रमांक टिपून, वर्षभराने आरोग्य सर्वेक्षणाच्या नावाने ते त्यांच्या घरी गेले. माहिती मोलाची मिळाली, पण ती माणसं उघडी पडली असती तर संसार आणि नोकऱ्या गेल्या असत्या. मला ही पद्धत समर्थनीय वाटत नाही. तुझं मत वेगळं असेल तर ते लिही, पण कारणासकट.

तीन तासांत प्रत्येकी २० गुणांचे पाच प्रश्न. पहिली १० मिनिटं प्रश्न वाचायला आणि निवडायला, मग प्रत्येकाला ३२ मिनिटं, शेवटची १० तपासायला. पहिलं उत्तर आवडीचं म्हणून ५० मिनिटं लिहिलं की शेवटचं अर्धं राहतं, आणि अर्ध्या उत्तराचे गुण जातात ते पहिल्याच्या वाढीव दोन पानांनी भरून येत नाहीत. साधारण पाचशे शब्द पुरे. तुझा अंगठा दुखतो, तेव्हा जाड ग्रिपचं जेल पेन आत्तापासूनच वापरायला घे. नवं पेन परीक्षेच्या दिवशी नको. गुडघ्यासाठी तासाभराने पाय लांब करायला विसरू नकोस. बाबा, घड्याळ लावून बसा, पण मध्ये ‘किती राहिलं’ असं विचारू नका.

या आठवड्यात तीन उत्तरं लिही : जनगणनेचा ‘इतर’ रकाना आणि वैधता, घरकामाचा वेळ आणि मिश्र पद्धती, तृतीयपंथी समाजात नमुना निवड. पानांचे फोटो उजेडात काढून रविवारपर्यंत व्हॉट्सॲपवर पाठवा. तपासून, लाल शाईने शेरे मारून सोमवारी परत पाठवते. काय-वर्गाची दोन्ही कोष्टकं मात्र पुस्तक मिटून सोडवायची.

तुमची,
लेक