शनिवारी का आलो नाही

धायरी, पुणे
सोमवार, 14 जुलै 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, शनिवारी आम्ही तुमच्याकडे येत नाही असं शुक्रवारी सांगितल्यावर तुम्ही फोनवर नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तुमचं ते "बरं" मला तिसरीपासून कळतं. म्हणून हे पत्र. फोनवर माझं अर्धं बोलणं तुमच्या कानातल्या मशीनच्या शिट्टीत जातं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मध्येच तोडता. कागदाचं तसं करता येत नाही.

तुमचा नातू आज शाळेत गेला. सकाळी सातची बस, टाय वाकडा, डब्यात गुरगुट्या भात. तो भात बघून त्याने तोंड वाकडं केलं म्हणजे आता खरोखरच बरा आहे.

झालं काय ते पहिल्यापासून सांगते, कारण तुमच्यापर्यंत तुकड्यातुकड्याने पोचलंय. मंगळवारी रात्री दोनला उठला, "पोटात कसंतरी होतंय" म्हणाला आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आतच ओकला. उजाडेपर्यंत तीन उलट्या. बुधवारी दुपारी उलट्या थांबल्या तर जुलाब लागले, बारीक तापही आला. त्याच्या वर्गातल्या आणखी तिघांना त्याच आठवड्यात हेच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, विषाणूच असणार, तपासणीची गरज नाही. शीमध्ये रक्त दिसलं, आठ तासांत लघवीच झाली नाही किंवा पोरगं मलूल पडून राहिलं तर मात्र रात्र असो की पहाट, घेऊन या.

आई, तू रोज फोनवर आधी "पायात जोर आहे ना त्याच्या?" हेच का विचारत होतीस ते मला कळत होतं. जानेवारीत त्या जीबीएसची, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या आजाराची, साथ आली ती आमच्याच भागात. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, रोज पेपरात हीच नावं. आधी पोट बिघडतं आणि मग काही दिवसांनी पाय लुळे पडतात, हे तेव्हा इथल्या प्रत्येक आईला पाठ झालंय. तेव्हापासून आम्ही पाणी उकळूनच पितो, पाणीपुरी बंद. पण पोट बिघडलेल्या हजारांतल्या एखाद्याच्याही वाट्याला ते येत नाही, हे डॉक्टरांनी मला नीट बसवून सांगितलं. तरी मी त्याला रोज दोन जिने चढायला लावले. तुझीच मुलगी आहे.

जायफळ मात्र चाटवलं नाही, आधीच कबूल करते. जुलाब बांधायच्या मागे लागू नका, गेलेलं पाणी भरून काढा, असं डॉक्टरांचं म्हणणं. दर दोन मिनिटांनी एक चमचा ओआरएस. घटाघटा प्यायला दिलं की परत ओकतो, चमच्याने दिलं की राहतं. केमिस्टने आधी फळांच्या चवीचं, चित्रं काढलेलं खोकं पुढे केलं होतं, त्यात नुसती साखर. पावडरीचं साधं पाकीट मागून घेतलं, सगळंच्या सगळं पाकीट एक लिटर पाण्यात. सोबत झिंकची गोळी, ती चौदा दिवस चालायची आहे.

बाबा या पाकिटांना "दुकानातलं मीठपाणी" म्हणतात. बाबा, हे मीठपाणी तुमच्या बाविशीतलं आहे. 1971 साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात मिसळलं, पिंपं भरून ठेवली आणि नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. शंभरात तीसेक माणसं मरत होती, ती चाराच्या आत आली. 2023 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेही मरणोत्तर. आईचं साखर-मिठाचं पाणी त्याच जातीचं, फक्त तिचं माप मूठ आणि चिमूट. लिटरभर पाण्याला चहाचे सपाट सहा चमचे साखर, त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. आई, फळीच्या आतल्या बाजूला लिहून ठेव. मीठ जास्त झालं तर उलटंच होतं.

आता खऱ्या भांडणाकडे येते. गुरुवारी गुरुपौर्णिमा. सकाळी ताप नव्हता, दुपारी वरणभात मागून खाल्ला, सोफ्यावरून उड्या सुरू. मला वाटलं, संपलं. संध्याकाळी त्याच्या हट्टापायी पेलाभर दूध दिलं आणि सव्वासातला परत पाण्यासारखी शी. पोट बिघडून गेल्यावर आतड्याला काही दिवस दूध पचवणं जड जातं, हे मला माहीत असून मी फसले. दुधाने झालं की आजाराने, हे बाहेरून कसं ओळखणार? म्हणून घड्याळ परत शून्यावर आणलं. कालनिर्णयात गुरुपौर्णिमेच्या चौकोनात मी पेन्सिलीने "7.15" लिहिलं. ते बघून तुमचा नातू म्हणाला, "माझी शी कॅलेंडरवर का लिहिली?"

कारण हिशेब तिथून करायचा असतो. शेवटची उलटी किंवा शेवटचा जुलाब, जे नंतर होईल ते, आणि त्यापुढे पूर्ण अठ्ठेचाळीस तास. इंग्लंडमधल्या शाळांना तर हे सरकारी आरोग्य खात्यानेच सांगून ठेवलंय. आमच्या शाळेच्या डायरीत एवढंच छापलंय की "आजारी पाल्यास शाळेत पाठवू नये". आजारी कुणाला म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. उड्या मारणाऱ्या पोराला कोण आजारी म्हणेल? पण पोट शांत झालं तरी विषाणू शीतून बाहेर पडतच असतो, पहिले दोन दिवस सगळ्यात जास्त. आणि दुसऱ्याला पाडायला त्याचे शंभर कणसुद्धा लागत नाहीत. म्हणून डॉक्टर पोराकडे न बघता मलाच विचारतात, "शेवटची कधी?"

(टायफॉइड, कॉलरा किंवा रक्ती आव असेल तर दोन दिवसांवर भागत नाही. तिथे डॉक्टर म्हणतील तेव्हाच. आमचं सुदैवाने तसलं काही नव्हतं.)

गुरुवारच्या सव्वासातला धरून अठ्ठेचाळीस तास म्हणजे शनिवारचे सव्वासात. शुक्रवारी त्याची तोंडी परीक्षा होती, ती बुडली. तुम्ही म्हणालात, "तोंडी परीक्षेला पोट कशाला लागतं?" मी हसले, पण पाठवलं नाही.

बाबा, तुम्ही शिकवायचात त्या शाळेत हजेरी ही साधी गोष्ट नव्हती हे मला माहीत आहे. गरीब घरच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळायचा आणि त्या रुपयासाठी घरचे पोरीला लावणीच्या दिवसांतही शाळेत सोडायचे. एक दिवस घरी राहिलेली पोर कायमची घरी राहील, या भीतीने तुम्ही वाड्यावस्त्यांवर जाऊन मुलं गोळा करायचात. शंभर टक्के हजेरीला मिळालेली कंपासपेटी माझ्याकडे अजून आहे. पण चार दिवस घरी राहिल्याने माझ्या पोराची शाळा सुटणार नाहीये. आणि तुम्हीच मला तिसरीत भर वर्गात पोट बिघडल्यावर खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळून सायकलवर घरी आणलं होतं. कुणाला काही बोलू दिलं नाहीत. वर्ग बहिणाबाईंकडे सोपवून आलात. हजेरीपटावर तुम्ही त्या दिवशी काय लावलंत ते मी कधी विचारलं नाही. हजर की गैरहजर?

हे सगळं मी इतक्या ठामपणे का बोलते, त्याला कारण आहे. ते तुम्हाला सांगितलेलं नाही.

मागच्या नोव्हेंबरात असंच झालं होतं. रात्री दोन उलट्या, सकाळी गप्प. ऑफिसात ऑडिट, माझी रजा संपलेली, ह्यांचा मुंबईला दौरा. मी त्याला उलटीचं औषध पाजलं, केस विंचरले आणि बसमध्ये बसवला. बाईंना कळवलंसुद्धा नाही. वडगावच्या पुलाशी तो बसमध्ये ओकला. बसमधल्या मावशींनी जुनं वर्तमानपत्र आणि फडक्याने ते पुसलं, हातमोजे कुठले असायला. त्याचं तोंड धुतलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि शाळेतून मला फोन करवला. तिसऱ्या दिवशी बसमध्ये मावशी नाहीत. दुसऱ्या एक बाई होत्या, त्यांनी सांगितलं, "हगवण लागलीय त्यांना." एकूण चार दिवस. त्यांचा खाडा म्हणजे पगारातून कापून जातो.

आल्यावर मी त्यांना पैसे द्यायला गेले. घेतले नाहीत. "लेकराला काय कळतंय," म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पुढच्या टायमाला अगोदर फोन करा ताई, मी पिशवी घेऊन येते."

त्यांना वाटलं मी त्याला पुन्हा तसाच पाठवीन. आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटलं नाही. बाबा, त्या दिवशी मी एक रजा वाचवली आणि चार दिवस मावशींचे गेले. हे गणित तुम्ही फळ्यावर मांडलं असतंत तर मी लगेच सोडवलं असतं.

या वेळी मी दोन दिवस बिनपगारी घेतले, एक दिवस ह्यांनी घरून काम केलं. साहेबांचं तोंड जरा लांब झालंय, होईल आखूड. आजही बाईंना चिठ्ठी दिली आहे, शेवटचा जुलाब कधी त्या तारीख-वेळेसकट. दप्तरात कागदी साबणाची डबी दिली, कारण शाळेतल्या नळांवरचा साबण मधल्या सुट्टीपर्यंत टिकत नाही आणि हे सॅनिटायझरचं पाणी असल्या विषाणूवर फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, तेही शंभर अंक मोजून. त्याला वीस म्हटलं की तो आठला थांबतो, म्हणून शंभर. घरचा संडास आणि कड्या ब्लीचने पुसल्या, चादरी गरम पाण्यात.

राहिला शनिवार. सकाळी स्वारगेटहून निघालो असतो तेव्हा छत्तीसच तास झाले होते. मेढ्यापर्यंत बसमध्ये चार तास, सोबतीला पन्नास माणसं. बरं, शनिवारी सव्वासात वाजून गेल्यावर रविवारी का नाही आलो? कारण शाळेत जायला बरा आणि तुमच्याकडे यायला बरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत त्याच्याएवढी पोरं असतात, त्यांना झालं तर दोन दिवसांत उठतात. तुम्ही बीपीच्या गोळीसोबत पाण्याची, म्हणजे लघवी जास्त करवणारी, गोळी घेता. मागच्या उन्हाळ्यात नुसत्या एका दिवसाच्या जुलाबाने साताऱ्याला दोन सलाईन लागल्या, क्रिएटिनिन वाढलं म्हणजे मूत्रपिंडावर ताण आला आणि आई तीन रात्री लोखंडी खुर्चीवर बसून होती. नातू तुमच्या ताटात जेवणार, तुमच्या पांघरुणात शिरणार, याला मी काय करणार? तो तिथे हात धुवायचं ऐकतो का माझं? तुम्हीच त्याला "राहू दे रे" म्हणता.

विषाणू शीतून दोन आठवडेही पडत राहू शकतो. गुरुवारपासून दोन आठवडे मोजले की 24 तारीख, दीपअमावास्या. आम्ही 26 ला येतो, शनिवारी, पहिल्या गाडीने.

म्हणजे आखाड हुकला. तुम्ही मटण सांगून ठेवलं होतंत, आईने वाटणही करून ठेवलं असणार. याचंच तुम्हाला जास्त लागलंय असा माझा संशय आहे, आणि नातवाला तर नक्कीच. श्रावणात घरात अंडंसुद्धा शिजत नाही हे त्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा रडला. चार दिवसांच्या आजारात रडला नव्हता. आई, नागपंचमीची दिंडं तीन दिवस आधी केलीस तर चालतील का? त्याच्यासाठी गूळ जरा जास्त घाल. दूध वर ओतू नकोस, ते मी बघून ठरवीन.

बाबा, साताऱ्याच्या डॉक्टरांकडे आता जाल तेव्हा एक विचारून या: पोट बिघडलं तर ती पाण्याची गोळी त्या दिवसापुरती बंद ठेवायची का. ते काय म्हणतात ते त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या आणि चिठ्ठी गोळ्यांच्या डब्यात ठेवा. पाकिटंही चार आणून ठेवा. दुकानातलं मीठपाणी म्हणत आणलीत तरी चालेल.

लावण झाली का? तिकडे पाऊस फार आहे असं ऐकते. ओढ्याला पाणी असेल तर पलीकडे जाऊ नका.

तुमची,
बेबी

ता. क. पत्र पाकिटात घालतच होते तेवढ्यात बसमधल्या मावशींचा फोन आला. छातीत धस्स झालं. म्हणाल्या, "काही नाही ताई, तो डबा विसरलाय सीटवर. भात आहे. मुद्दामच विसरला असंल."